बाबांची रशियन

मी घर सोडलं त्या दिवशी ओझरच्या कॉलनीत पाणी आलं नव्हतं. दारात ट्रॅक्स उभी होती, टपावर दोन बॅगा बांधून झाल्या होत्या, आणि आई शेजारच्या नायर काकूंकडून आणलेली कळशी माठात ओतत होती. मुलगी अमेरिकेला चाललीय यापेक्षा मुलगी निघताना तिच्या हातावर दही ठेवायला स्वच्छ वाटी नाही, याचं तिला जास्त वाईट वाटत होतं. २००१ चा मे महिना. बाबा आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आले. आत कानपट्ट्यांची लोकरी टोपी होती.

"बाबा, कॅलिफोर्नियात एवढी थंडी नसते."

"परदेश म्हटला की थंडी असतेच," ते म्हणाले आणि पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं. विमानतळावर त्यांनी मला नमस्कार करू दिला नाही. पाठीवर दोन थापा मारल्या, कारखान्यात नव्या अप्रेंटिसला मारत असतील तशा.

बाबांचा परदेश एकच होता. विमानांच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग मापायचा, आणि केसाएवढा फरक असला तरी लाल खूण करून परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आमच्याकडची लढाऊ विमानं सोव्हिएत युनियनच्या लायसन्सवर बनायची. म्हणून माझ्या जन्माआधी त्यांना दीड वर्ष ट्रेनिंगला जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात पाठवलं होतं. (अमेरिकेत मी कुणाला सांगितलं की माझे वडील जॉर्जियात राहिलेत, तर समोरचा हमखास विचारायचा, "ओह, अटलांटा?") हॉस्टेलच्या खोलीत तिघं होते. बाबा, अझरबैजानातल्या बाकूचा रऊफ आणि सुरेन नावाचा एक आर्मेनियन. वसंत हे नाव तिथल्या लोकांना जड जायचं, म्हणून त्यांनी बाबांचं वासो केलं.

रशियन ते तिथेच शिकले, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्या अभिमानाची गोष्ट राहिली. तो देश म्हणजे त्यांच्या लेखी आमच्या कॉलनीचीच मोठी आवृत्ती होती. आमच्या एका बाजूला नायर, समोर बॅनर्जी, मागच्या लाइनीत गिल. तिकडे तसेच पंधरा राज्यांतले लोक एका मेसमध्ये जेवायचे. "एकत्र कामाला लागलं की माणूस कुठला कोण ते विसरतो," असं ते म्हणायचे. मी दहावीत असताना तो देश मोडला. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा बाबा ती संपेपर्यंत उभेच होते. मग म्हणाले, "ही पुढाऱ्यांची भांडणं. लोकांचं एकमेकांशी काही नाही."

पुढची दोन-तीन वर्षं कारखान्यात नुसता घोळ होता. ड्रॉइंग एका देशात, त्यावरून भाग बनवणारा कारखाना दुसऱ्या देशात आणि त्याला लागणारं रबरी सील तिसऱ्या देशात. पत्र लिहायचं तर कुणाला, हेच कळेना. "एका विमानाचे तीन देश झाले," बाबा जेवताना सांगायचे. रऊफला त्यांनी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. मग त्यांनी तो विषय बंद केला.

माझी पहिली अमेरिकन वर्षं सगळ्यांची गेली तशीच गेली. आल्या-आल्या मंदी, दोनदा प्रोजेक्ट कॅन्सल, व्हिसा जाईल ही धास्ती. मग निखिलशी लग्न. तो नागपूरचा, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला. मग फ्रीमाँटला एका कॉम्प्लेक्समध्ये भाड्याचं टाउनहाउस. तुमच्यापैकी जे आले त्यांना हे पाठ आहे, आणि जे आले नाहीत त्यांना फोनवर शंभरदा ऐकवून झालंय.

२००४ मध्ये सई झाली, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा त्याच वर्षी रिटायर झाले होते. आईला काम होतं. बाळाची अंघोळ-मालिश, माझा डिंकाचा लाडू, निखिलच्या नावाने हळूच सुस्कारे. बाबांना काहीच नव्हतं. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्यासारखं दुकान नाही. ते दोन वेळा स्ट्रोलर घेऊन कॉम्प्लेक्सला फेऱ्या मारायचे आणि मेलबॉक्सजवळच्या बाकावर बसायचे.

तिथेच त्यांना गारिक भेटला. साठीचा, दांडगा, पांढऱ्या मिशांचा माणूस. मुलीकडे राहायचा, विमानतळाची शटल चालवायचा. तो फोनवर मुलीशी रशियनमध्ये भांडत होता, आणि बाबा बाकावरून उठून रशियनमध्येच नमस्कार म्हणाले, "ज्द्रास्तुइत्ये!" गारिकने फोन कानापासून लांब धरला आणि आजूबाजूला बघितलं. धोतरासारखी सैल पँट घातलेला हा भारतीय म्हातारा बोलला असेल असं त्याला वाटेचना. पाचव्या मिनिटाला दोघं जमिनीवर बसून स्ट्रोलरचं करकरणारं चाक उघडत होते.

त्या संध्याकाळी बाबा तरुण दिसत होते. "काय ग्रामर विसरलोय मी," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "पण त्याला सगळं समजतं. मला वासोच म्हणतो."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गारिकने सांगितलं की तो बाकूचा. बाबांना आनंद आवरेना. "बाकू! माझा जिवलग मित्र बाकूचा. रऊफ!"

गारिक उठला. "मी बाकूचा आर्मेनियन आहे," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

बाबांना यातलं काही कळलं नाही. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून चार-पाच लेख प्रिंट करून आणले. युनियन मोडण्याच्या आधीच आर्मेनियन आणि अझरबैजानी यांच्यात काय झालं, बाकूतून आर्मेनियन कसे हाकलले गेले, आर्मेनियातल्या खेड्यांतून अझरबैजानी कसे. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि कागद उलटे ठेवले.

"हे पेपरवाल्यांचं. रऊफ आणि सुरेन एका ताटात खायचे. मी पाहिलंय."

"दीड वर्ष पाहिलंत, बाबा. तेही पाहुणे म्हणून."

हे मी बोलायला नको होतं. ते दोन दिवस माझ्याशी गरजेपुरतंच बोलले.

गारिक परत आला तो हातात स्ट्रोलरसाठी नवा नट घेऊन. त्या शनिवारी मीही बाकावर होते, सई मांडीवर. तो रशियनमध्ये बोलत होता आणि बाबा मला अडखळत मराठीत सांगत होते, त्यामुळे ती गोष्ट मी तुकड्यातुकड्यांत ऐकली. नव्वदच्या जानेवारीत तो, बायको, मुलगी आणि त्याची म्हातारी आई बोटीने कॅस्पियन पार करून निघाले. आईच्या पायांत घरातल्या सपाता होत्या, आणि तिचा पियानो तिथेच मागे राहिला. त्यांच्या बिल्डिंगीत चार भाषा बोलणारी माणसं होती, आणि त्याला सगळ्यांच्या मुलांचे वाढदिवस पाठ होते.

"मग कळलं कसं नाही?" बाबांनी विचारलं.

गारिकने आणलेला नट बोटांत फिरवला. "आम्ही एकमेकांच्या जातीवर विनोद करायचो," तो म्हणाला. "तोंडावर. माझ्या लग्नात सगळ्यात घाणेरडा आर्मेनियन विनोद माझ्या अझरबैजानी मित्राने सांगितला, आणि सगळ्यात जास्त माझी आई हसली. मग एका वर्षी लक्षात आलं, विनोद बंद झालेत. म्हणजे बंद नव्हते झाले. मी खोलीत शिरलो की थांबायचे. त्या दिवशी मी निघायला हवं होतं. मी आणखी दोन वर्षं थांबलो, कारण मला वाटलं, ही पुढाऱ्यांची भांडणं आहेत."

बाबांनी हे शेवटचं वाक्य मला सांगितलंच नाही. गारिकने ते नंतर आपल्या मोडक्या इंग्रजीत पुन्हा म्हटलं, तेव्हा मला कळलं.

तो आणखी एक गोष्ट बोलला. "मारायला आले ते शेजारी नव्हते. शेजारच्या बाईने तर शेवटच्या दिवशी पाव आणून दिला. मारायला आले ते लांबचे होते. पण त्यांच्या हातात यादी होती. कुठल्या मजल्यावर, कुठल्या दारामागे कोण. ती यादी काही लांबून आली नव्हती."

बाबा त्यानंतर बदलले असं मी म्हणणार नाही. त्या वयात माणूस बदलत नाही. पण त्यांना काहीतरी दुरुस्त करायचा ध्यास लागला. माझ्या ऑफिसातल्या एका रशियन सहकाऱ्याने तिबिलिसीच्या जुन्या कारखान्यातल्या लोकांच्या एका फोरमवर रऊफचं नाव टाकलं होतं, आणि तीन आठवड्यांनी रऊफच्या मुलीची ईमेल आली. एका शनिवारी सकाळी, बाकूत तेव्हा संध्याकाळ होती, मी कॉलिंग कार्डवरून फोन लावून दिला. "वासो?" असा एक घोगरा आवाज आला आणि मग दोन्हीकडून नुसतं हसणं. सुरेन कुठे आहे हे रऊफलाही माहीत नव्हतं. पण फोन ठेवण्याआधी बाबांनी त्याला एक काम सांगितलं. गारिकच्या रस्त्याचं आणि बिल्डिंगीचं नाव त्यांनी बोलण्यातून टिपून ठेवलं होतं. तिथे जा, म्हणाले, आणि घर कसं आहे ते बघून सांग.

"गारिककाकांना विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं तर तो नाही म्हणेल. कळलं की बरं वाटेल त्याला."

पुढच्या शनिवारी रऊफचा फोन आला. बाबा 'दा, दा', म्हणजे हो-हो, म्हणत ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. घर उभं होतं. गारिकच्या आईचा पियानोही भिंतीशी तसाच होता. राहत होती ती एक विधवा बाई, आर्मेनियातल्या एका खेड्यातून अठ्ठ्याऐंशी साली हाकललेली. तिने रऊफला चहा दिला. त्याच्या येण्याचं कारण ऐकून ती घाबरली नाही की चिडली नाही. तिने एवढंच विचारलं की तो अमेरिकेतला माणूस आर्मेनियन आहे ना, मग आमच्या गावातल्या घरात आता कोण राहतं, ते त्याला कुणाकडून कळेल का? गावाचं नाव तिने कागदावर लिहून दिलं होतं.

बाबा दोन दिवस बाकाकडे फिरकले नाहीत. आई म्हणाली, "नका सांगू. कशाला नसत्या उठाठेवी?" तिसऱ्या दिवशी ते गेले आणि सांगून आले. मी खिडकीतून पाहत होते. गारिक उभा राहिला आणि ओरडला. शब्द मला कळत नव्हते, पण कळायचं ते कळलं. बाबा खाली मान घालून उभे होते. नंतर त्यांनी मला सांगितलं, गारिक म्हणत होता, माझ्या घरात माणूस पाठवायची तुला परवानगी कुणी दिली? तू दीड वर्ष मेसमध्ये जेवलास म्हणजे हा देश तुझा झाला?

महिनाभर बाक रिकामा राहिला. बाबा स्ट्रोलर दुसऱ्या रस्त्याने नेऊ लागले. मिशन पीकचे डोंगर उन्हाने पिवळे पडले होते, आणि त्यांच्याकडे बघत ते एकदा म्हणाले, "आपल्याला वाटतं, आपण चांगल्या मनाने करतोय. तेवढं पुरत नाही."

त्यांच्या परतीच्या तिकिटाला आठवडा उरला होता तेव्हा गारिक आमच्या दारात आला. पहिल्यांदाच. आईने त्याला साबुदाण्याची खिचडी दिली, ती त्याने चमच्याने दाणे मोजल्यासारखी खाल्ली. येरेवानला त्याचा मावसभाऊ होता. त्याला त्याने त्या गावाला पाठवलं होतं. तिथे घर नव्हतं. ती बाई निघाल्यानंतर झालेल्या भूकंपात पडलं होतं. मागची एक भिंत आणि अर्धा जिना, एवढंच.

"रऊफला काय सांगू?" बाबांनी विचारलं.

"सांग, घर उभं आहे," गारिक म्हणाला. "एक कुटुंब राहतं. नीटनेटकी माणसं आहेत. अंगणात झाडं लावलीत."

"पण ते खरं नाही."

"वासो, ती माझ्या घरात राहते. तिला कुठेतरी आपलं घर असू दे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझ्याकडून फोन लावून घेतला आणि गारिकच्या समोर बसून, अडखळत, शब्द शोधत, रऊफला तसंच सांगितलं. झाडं कुठली, तेही सांगितलं. जर्दाळूची. फोन ठेवून ते बराच वेळ हात चोळत बसले. आयुष्यभर केसाएवढ्या फरकासाठी भाग परत पाठवणारा हा माणूस. रात्री जेवताना आईला म्हणाले, "आज मी एक खोटा माल पास केला." आणि वरण मागून घेतलं.

खूप नंतर माझ्या मनात आलं की रऊफने सांगितलेला तो पियानोही त्या जर्दाळूंसारखाच असेल का. हे मी बाबांना कधीच विचारलं नाही. त्यांच्याही मनात आलं असणार.

आई-बाबा नाशिकला परत गेले. कॉलनीतलं क्वार्टर सोडून त्यांनी शहरात एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता. माझी वर्षं पुढे सरकत गेली. सई शाळेत जाऊ लागली, मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्लिशमध्ये देऊ लागली. ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्या तरी रांगेत पडून होता. गारिक आम्हाला पार्किंगमध्ये भेटायचा, "वासो कसा आहे?" विचारायचा. बाबा त्याच्याशी महिन्यातून एकदा फोनवर बोलायचे. दोघांच्या बोलण्यात घराचा विषय परत आला नाही, असं बाबा सांगत.

२००८ च्या सुरुवातीला नाशिकमध्ये उत्तरेकडून आलेल्या कामगारांविरुद्ध वातावरण तापलं. तुमच्यापैकी जे तिथे होते त्यांनी ते पाहिलंय. मी फक्त इंटरनेटवरचे फोटो बघितले. स्टेशनवर बोचकी घेऊन बसलेली कुटुंबं. आई-बाबांच्या सोसायटीत तळमजल्यावर रामसेवक नावाचा वेल्डर भाड्याने राहायचा. बायको आणि दोन मुली. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये काम. बाबांची त्याच्याशी दोस्ती होती, कारण त्याचं वेल्डिंग बाबांच्या नजरेला पास होण्यासारखं होतं.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. हे मला आईने फोनवर सांगितलं, बाबा स्वतःहून बोलणारे नव्हते. चेअरमन चांगला माणूस. तो म्हणाला, बाहेरून आलेल्या भाडेकरूंची एक यादी करून ठेवू, त्यांच्याच सुरक्षेसाठी, काही झालं तर आपल्याला माहीत असावं कोण कुठे आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा उठले. मीटिंगमध्ये ते कधी बोलले नव्हते.

"यादी करायची नाही," ते म्हणाले.

"अहो काका, साधी यादीच तर आहे. चांगल्यासाठीच करतोय."

"चांगल्यासाठीच करताय, ते दिसतंय मला. तरी करायची नाही. कुणी विचारायला आलं तर सांगा, या बिल्डिंगीत कोण राहतं ते आम्हाला माहीत नाही."

"म्हणजे खोटं सांगायचं?"

"हो," बाबा म्हणाले. "खोटं सांगायचं."

आई म्हणाली, त्यांचा आवाज कापत होता, आणि लोकांना वाटलं की रागाने. यादी झाली नाही. पण म्हणून सगळं नीट झालं असं नाही. वर्कशॉपच्या मालकाने शटर खाली ओढलं होतं आणि रामसेवकच्या मोठ्या मुलीला शाळेच्या वाटेवर कुणीतरी काहीतरी बोललं होतं. मंगळवारी त्यांनी जायचं ठरवलं. बाबांनी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली, त्यालाच चालवायला बसवलं, आणि पुढच्या सीटवर स्वतः बसून त्या चौघांना नाशिकरोड स्टेशनवर नेलं. गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबले. रामसेवकने घराची किल्ली बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काकाजी, महीने-दो महीने में आ जाएँगे." बाबांनी मुलींच्या हातात बिस्किटांचे पुडे दिले.

हे ऐकलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला परत जावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं की मी ज्या गावाला परत जाऊ पाहतेय ते गाव, ज्या दिवशी मी निघाले, त्या दिवशीचं आहे. नायर काकूंची कळशी अजून दारात असेल असं मी धरून चालले होते. बाबांचाही एक देश असाच होता. तो नाहीसा झाल्यावर त्यांना एकच गोष्ट जमली. गोष्टी तुटायला लागतात तेव्हा आधी कसा आवाज येतो, तो त्यांनी ओळखून ठेवला. बाकीच्यांना तो ऐकू आला नाही, कारण त्यांच्या कानांवर तो आधी कधी पडलाच नव्हता.

लोक मला विचारतात, आता तुझं घर कुठलं? पूर्वी मी ओझर म्हणायचे, मग नाशिक, मग हसून फ्रीमाँट. हल्ली मला त्या प्रश्नाची घाई नसते. घर म्हणजे आपण जिथे राहतो ती जागा नसते, असं मला वाटू लागलंय. आपण तिथे नसताना तिची कोण काळजी घेतं, त्यावर ते ठरतं.

पुढच्या रविवारी बाबांशी बोलताना मी विचारलं, "रामसेवक परत येईल का हो?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांचा गॅस मी बंद केलाय. नळ एक ठिबकत होता, त्याला वॉशर टाकला. आणि मागची खिडकी बोटभर उघडी ठेवलीय. घर बंद राहिलं की कुबट वास येतो ना, आल्यावर पोरींना नको वाटायला."